नशा करणारा, नशेत चालवणारा आणि नशा विकणारा



दारूबंदी असावी की नसावी, गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकावे की नाही, मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याला किती शिक्षा द्यावी, असे प्रश्न निघाले की कोणत्याही सभेचे थोड्याच वेळात दोन तट पडतात. एका बाजूला व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी उभे राहतात. प्रौढ माणसाने काय प्यावे आणि काय ओढावे हे सरकारने का ठरवावे, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला गावागावांतून दारूच्या गुत्त्याविरुद्ध झगडणाऱ्या भगिनी असतात. ज्या घरातली मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर जाते आणि रात्री ज्या घरात मारहाण होते, त्या घरातल्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचे काय, असे त्या विचारतात. दोन्ही सवाल खरे आहेत. तरीही वाद पुढे सरकत नाही, आणि शेवटी जो मोठ्याने बोलतो त्याचा ठराव मंजूर होतो.

याचे कारण असे की 'नशा' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या माणसांचा विचार एकत्र केला जातो. नशा करणारा हा एक माणूस. नशेत वाहन हाती घेऊन दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारा हा दुसरा. आणि या दोघांच्या नशेवर नफा कमावणारा हा तिसरा. पहिल्याचा अपाय मुख्यतः त्याच्या स्वतःच्या देहाला व घराला होतो. त्याला उपचार हवा. दुसरा निरपराध माणसाचा प्राण घेऊ शकतो; त्याला शिक्षा हवी आणि ती चुकता कामा नये. तिसऱ्यावर समाजाचे नियंत्रण हवे. भारतातील कायदा आणि त्याची अंमलबजावणी पाहिली तर हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. सर्वांत कठोर हात पहिल्यावर पडतो, दुसरा पैशाच्या बळावर निसटतो आणि तिसऱ्याच्या करावर राज्याचा अर्थसंकल्प उभा राहतो.

हे नुसते घोषणावाक्य नव्हे. ते पुराव्यानिशी तपासले पाहिजे.

पदपथावर झोपलेले

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर बांधकामावरचे मजूर पदपथावर झोपले होते. एक भरधाव मोटार त्यांच्या अंगावर गेली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असता कामा नये. या चालकाच्या रक्तात ते ११२ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट आढळले. २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांवर नेली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ही शिक्षा फार अपुरी आहे, परंतु ती वाढवून मागणारे अपील राज्य सरकारने केलेले नाही, अशा आशयाची नोंद त्या न्यायालयाने निकालपत्रात केली. मेलेल्या सात मजुरांच्या वतीने बोलण्याचे काम सरकारचे होते. ते सरकार गप्प राहिले.

आता दुसरा कायदा पाहावा. अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एक किलोहून अधिक चरस ज्याच्या ताब्यात सापडेल, त्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. तो माल दुसऱ्याचा असो आणि सापडलेला माणूस चार पैशांसाठी पोटली वाहणारा हमाल असो, न्यायाधीशाला दहा वर्षांच्या खाली येता येत नाही. सात जिवांना तीन वर्षे आणि एका पोटलीला दहा वर्षे! चरसाचा व्यापार निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या समाजाच्या तराजूत ही दोन मापे शेजारी ठेवली जातात, त्या तराजूचा काटा कोठे अडला आहे, हे विचारलेच पाहिजे.

त्याच वांद्र्यात २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री एका बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर एका चित्रपट अभिनेत्याची मोटार चढली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. खटल्याचा निकाल लागायला मे २०१५ उजाडला. सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून अभिनेत्याला निर्दोष मुक्त केले. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य मानला, तरी एक प्रश्न उरतोच. तेरा वर्षांनंतर तो माणूस कोणाच्या हातून मेला हे राज्ययंत्रणा सिद्ध करू शकली नाही. पुरावा गोळा करणारे पोलीस तिचे, रक्त तपासणारी प्रयोगशाळा तिची, साक्षीदारांना संरक्षण देण्याची जबाबदारीही तिची.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांना उडवले. दोघेही प्राणास मुकले. मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती, आणि ती चालवण्याचा आरोप ज्याच्यावर होता तो अवघा सतरा वर्षांचा होता. काही तासांतच त्याला जामीन मिळाला. अपघाताविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, ही त्यातली एक अट होती. महाराष्ट्रभर संताप उसळला तो या अटीमुळे. खरे पाहता त्याहून गंभीर गोष्ट नंतर बाहेर आली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. कायदा तीस मिलिग्रॅमची मर्यादा कितीही काटेकोरपणे लिहो, बाटलीतले रक्तच जर बदलता येत असेल तर त्या आकड्याला काय किंमत उरते?

शिक्षेची कठोरता आणि शिक्षेची खात्री

अशी प्रत्येक घटना घडली की 'शिक्षा वाढवा' अशी आरोळी उठते. सरकारलाही ती सोयीची असते, कारण कायद्याच्या पुस्तकात आकडा बदलायला पैसे लागत नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि मद्यपान करून वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर गेला. दहा हजार रुपये ही रिक्षाचालकाच्या घरातली महिन्याची चूल आहे. कल्याणीनगरातल्या मोटारीच्या मालकाला ती एका रात्रीच्या मेजवानीचीही रक्कम नव्हे. दंडाचा आकडा सर्वांना समान असला की शिक्षा समान होते, हा भ्रम आहे. उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत फिनलंडमध्ये १९२१ पासून चालू आहे. तशी मागणी येथे का होऊ नये?

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले आणि मद्य वा अंमली पदार्थ हे कारण सुमारे अडीच टक्के मृत्यूंत नोंदले गेले. एवढ्यावरून मद्याचा प्रश्न किरकोळ आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हे कारण पोलिसाच्या नोंदीवर अवलंबून असते. अपघातानंतर वेळेवर रक्त घेतले गेले नाही, तर मद्यपी चालकही केवळ 'अतिवेगी' म्हणून कागदावर येतो. ज्याला मद्य मोजायचेच नाही, त्याला ते सापडत नाही.

म्हणून मागणी हवी ती शिक्षेच्या खात्रीची. प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर ठरलेल्या वेळेत रक्ततपासणी, नमुन्याचे दोन भाग करून ते दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत पाठवणे, आणि खटला वर्षानुवर्षे न रखडता निकाली काढणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांना प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि न्यायाधीश लागतात, म्हणजेच पैसा लागतो. नेमके म्हणूनच त्या होत नाहीत.

येथे आणखी एक बाजू विसरता कामा नये. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर मालमोटारींच्या चालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. चालकांचे म्हणणे असे होते की, थांबलो तर जमाव मारतो आणि न थांबलो तर कायदा मारतो. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा सरकारने हे पोटकलम बाजूला ठेवले. शहरी वृत्तपत्रांनी या संपाला बेजबाबदारपणा म्हटले. पण मालमोटारीचा चालक दिवसाला किती तास चालवतो, हे कोणी विचारले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली. महामार्गावरच्या कोणत्याही ढाब्यावर जाऊन विचारावे, ही मर्यादा पाळणारा मालक भेटतो का. अठरा तास जागून चाक धरणाऱ्या माणसाचे हात आणि डोळे मद्यप्याइतकेच दगा देतात. फरक इतकाच की झोपेअभावी आलेली गुंगी श्वासचाचणीच्या यंत्रात उतरत नाही, आणि ज्याने ती लादली तो मालक नाकाबंदीत सापडत नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका हीच जर गुन्ह्याची कसोटी असेल, तर चालकाबरोबर मालकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे.

पोटली आणि भांग

रस्त्यावर जो कायदा लुळा पडतो, तोच अंमली पदार्थांच्या बाबतीत कसा वागतो, ते आता पाहू.

गांजाचा प्रश्न आजचा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षीदार तपासून त्याने १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन हानिकारक आहे, आणि संपूर्ण बंदी गरजेचीही नाही व इष्टही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता; त्याने कर व नियमन यांची शिफारस केली. परकी सरकारला या मालावरचा महसूल हवा होता, हे खरे. तरीही एवढ्या विस्ताराने पुरावा गोळा करून मग धोरण ठरवण्याची ती रीत होती.

स्वतंत्र भारतात ती रीत पाळली गेली नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार गांजाचा औषधेतर वापर पंचवीस वर्षांत बंद करायचा होता. ती मुदत संपत आली तेव्हा, १९८५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेत विधेयक मांडले गेले, सप्टेंबरात त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. शतकानुशतकांच्या व्यवहारासंबंधीचा निर्णय काही आठवड्यांत उरकला गेला. त्या कायद्यात गांजाच्या झाडाचा शेंडा गुन्हेगार ठरला आणि त्याच झाडाची पाने निर्दोष ठरली. म्हणून शिवरात्रीची भांग आजही या कायद्याबाहेर आहे. एकाच रोपाचा हा न्याय शास्त्राच्या आधारावर उभा नाही. कोणाच्या सवयीला प्रतिष्ठा आहे आणि कोणाच्या नाही, यावर तो उभा आहे.

१९८९ मध्ये कायदा आणखी कठोर झाला. काही गुन्हे दुसऱ्यांदा करणाऱ्यास फाशी बंधनकारक झाली आणि जामीन जवळजवळ अशक्य झाला. २००१ मध्ये मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आल्या. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंधनकारक फाशी घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली. अजूनही व्यापारी प्रमाणातील मालाच्या खटल्यात, आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन मिळत नाही. माल ताब्यात सापडला की निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर येते. तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही, एवढे स्पष्ट व्हायला २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोवर कायद्याला पस्तीस वर्षे झाली होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या एका प्रवासी जहाजावरील छाप्यानंतर एका नामवंत नटाच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ काहीही सापडले नव्हते, तरी त्याला जवळजवळ चार आठवडे कोठडीत काढावे लागले, आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. त्याच्या बाजूने देशातील नामांकित वकील उभे होते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे कोर्टाबाहेर होते. तरीही चार आठवडे लागले. मग ज्याच्या घरी वकिलाची फी द्यायला पैसे नाहीत आणि ज्याच्या अटकेची ओळही छापून येत नाही, त्याला किती महिने लागत असतील, याची कल्पना करावी.

आणि याच काळात आजारी माणसाचे काय झाले? सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात; त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला. व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालू नये, अशी तरतूद अंमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये आहे. पण तालुक्याच्या गावी उपचार केंद्रच नसेल, तर ती तरतूद कागदावरचा दिलासा ठरते.

नशा करणाऱ्याला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे, या मागणीला परदेशातील अनुभवाचा आधार दिला जातो. तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पोर्तुगालने २००१ पासून अल्प प्रमाणातील माल बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले, विक्री मात्र गुन्हाच ठेवली, आणि पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी वैद्यक व समाजकार्य जाणणाऱ्या मंडळापुढे नेले. त्याबरोबर उपचारांवर पैसा खर्च केला. त्याचे परिणाम चांगले झाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने तसाच निर्णय घेतला. पण उपचारांची व्यवस्था उभी राहण्याआधीच शिक्षा निघून गेली, लोकांत असंतोष वाढला आणि २०२४ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. यातला धडा असा की, तुरुंगाचे दार बंद करताना दवाखान्याचे दार उघडावे लागते. एकच काम केले तर लोक दुसऱ्यावरचाही विश्वास गमावतात.

परमिट रूमची पाटी

आता राहिला तिसरा माणूस, विकणारा. येथे स्वातंत्र्यवादी मित्र आणि दारूबंदीवादी भगिनी यांच्यातला वाद खरा पेटतो.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. तोच महाराष्ट्रात नाव बदलून आजही लागू आहे. कायद्याप्रमाणे मद्य पिणाऱ्यास परवाना लागतो. म्हणूनच गल्लोगल्लीच्या बारवर 'परमिट रूम' अशी पाटी असते, आणि आत जाणाऱ्याला परमिट कोणी विचारत नाही. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला. लष्कराच्या कँटीनला दिलेली सूटही त्यात टिकली. परवाना असलेल्यांची नशा कायदेशीर आणि हातभट्टीवाल्याची नशा बेकायदा, ही विभागणी त्या काळापासूनची आहे. दरम्यान राज्याच्या तिजोरीत मद्यावरील शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम येऊ लागली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि अर्थसंकल्पात मद्यविक्रीचे उद्दिष्ट आहे.

मग संपूर्ण बंदी हे उत्तर आहे का? बिहारने एप्रिल २०१६ मध्ये ते करून पाहिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की तेथे पुरुषांचे नित्याचे मद्यपान आणि पत्नीवरील हिंसा घटली. ही गोष्ट लहान नाही. ज्यांना दारूबंदी म्हणजे केवळ ढोंग वाटते त्यांनी ती ऐकली पाहिजे. पण त्याच कायद्याने तुरुंग आणि न्यायालये भरून गेली. २०२१ मध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दूरदृष्टीविना केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला. डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे मेली. बंदी नसलेल्या मुंबईतही जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले, हेही विसरता कामा नये. दोन्ही ठिकाणी मेले ते मजूरच. विषारी दारूचे मूळ केवळ बंदीत नाही. स्वस्त नशा शोधायला लावणाऱ्या दारिद्र्यात आणि हप्ते घेणाऱ्या यंत्रणेत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, हे कारण दिले गेले. अवैध दारू रोखणे हे सरकारचेच काम होते. ते न करता सरकारने आपल्या अपयशाची शिक्षा त्या स्त्रियांना दिली.

या गुंत्यातून वाट महाराष्ट्रातील स्त्रियांनीच दाखवली आहे. ठराविक प्रमाणात महिलांनी मागणी केली की गावात मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात, आणि आडव्या बाटलीला पुरेशी मते मिळाली की दुकानाला कुलूप लागते. या पद्धतीचे मर्म नीट ओळखले पाहिजे. यात पिणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकत नाही. विकणाऱ्याचा परवाना काढून घेतला जातो. पिण्याचे स्वातंत्र्य आणि विकण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मद्याच्या धंद्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सांगितले आहे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या विरोधात आवाज उठवला, तो रोखही दुकानांवर होता. त्या जुन्या भूमिकेत आजच्या वादाचे उत्तर आहे. स्वातंत्र्यवाद्याला जपायची असलेली व्यक्ती तिच्यात सुरक्षित राहते आणि भगिनींना हवी असलेली सत्ताही त्यांच्या हाती येते.

कार्यकर्त्याने काय मागावे

यापुढे असा कोणताही कायदा चर्चेला आला की कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावेत. अपाय नेमका कोणाला होतो? अंमलबजावणीचा दंडुका प्रत्यक्षात कोणाच्या पाठीवर पडतो? पैसा असणाऱ्याला पळवाट कोठे आहे? आणि शिक्षा वाढवल्याने अपाय कमी होतो, याला पुरावा काय? या प्रश्नांची उत्तरे दोन्ही तटांना अडचणीत आणतील. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्याला मद्यसम्राटांच्या नफ्याविषयी बोलावे लागेल आणि बंदीची भाषा बोलणाऱ्याला तुरुंगातल्या गरीब व्यसनी पोराविषयी बोलावे लागेल. ती अडचण सोसल्यावाचून प्रामाणिक धोरण तयार होत नाही.

यातून मागण्या निघतात त्या अशा. अल्प प्रमाणात अंमली पदार्थ स्वतःसाठी बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे न्यावे, आणि त्याआधी प्रत्येक तालुक्यात सरकारी व्यसनोपचार केंद्र उभे करावे. मद्याच्या महसुलातील निश्चित वाटा त्यासाठी कायद्याने राखून ठेवावा. प्राणघातक अपघातात वेळेवर आणि दुहेरी रक्ततपासणी सक्तीची करावी, दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा, आणि कामाच्या तासांची मर्यादा मोडणाऱ्या वाहनमालकास सहआरोपी करावे. आडव्या बाटलीचा निर्णय झालेल्या मतांच्या बहुमताने व्हावा आणि तो शहरांतील वॉर्डांतही तितक्याच सुलभतेने घेता यावा.

अज्ञात वाहनाने धडक देऊन ठार केलेल्या माणसाच्या वारसांना मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पासून पंचवीस हजारांवरून दोन लाख रुपये झाली. ती योजना अस्तित्वात आहे, हे पदपथावर झोपणाऱ्या किती कुटुंबांना ठाऊक आहे? मोर्चा काढण्याआधी हे एक काम प्रत्येक शाखेला करता येण्यासारखे आहे. आपल्या भागातील अशा कुटुंबांना शोधावे आणि त्यांचा अर्ज भरून द्यावा. कार्टर रोडवरच्या सात जणांसाठी अपील करायला कोणी पुढे आले नाही. पुढच्यांसाठी तरी कोणीतरी उभे असले पाहिजे.